चाळीस रुपयांचे पाणी

१९२७ च्या मार्च महिन्यात महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. मंडप, जेवण, मुक्काम या नेहमीच्या विवंचना संयोजकांना होत्याच. पण त्यांच्याही आधीची विवंचना पाण्याची होती. खांद्यावर भाकरीचे गाठोडे टाकून, बरीचशी पायी, अडीच-तीन हजार माणसे येणार होती. गावात तळी होती, विहिरी होत्या, आणि त्यांपैकी एकाही ठिकाणी या माणसांना घागर बुडवायची मुभा नव्हती. म्हणून परिषदेसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घेण्यात आले. धनंजय कीर यांच्या आंबेडकर-चरित्रात ही नोंद ओझरती येऊन जाते. पुढे जे घडले त्याच्या तेजात ती झाकोळून गेली, हे स्वाभाविक आहे. मला मात्र अलीकडे पाण्यावर काहीही वाचताना, ऐकताना ते चाळीस रुपये आठवतात.

महाड हे कोकणातले गाव. दरवर्षी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शेजारून सावित्री वाहते. त्या मार्चात गावात टंचाई नव्हती. दुष्काळ जाहीर झालेला नव्हता, तळे आटलेले नव्हते. तरी हजारो माणसे तहानलेली होती आणि तळ्यात पाणी असताना ते त्यांना पैसे मोजून घ्यावे लागत होते. टंचाई आभाळातून येते असे आपण शाळेपासून शिकत आलो. महाडची ती टंचाई आभाळातून आलेली नव्हती. ती गावाने केलेली होती.

२० मार्च २०२६ ला महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला नव्याण्णव वर्षे पूर्ण होऊन शताब्दी वर्षाला आरंभ होतो. दोनच दिवसांनी, २२ मार्चला, जागतिक जलदिन असतो. १९९३ पासून तो पाळला जातो. हे दोन दिवस आपल्याकडे एकाच आठवड्यात येतात आणि एकमेकांना ओळख न देता निघून जातात. २० तारखेला महाडला निळा जनसागर लोटतो. त्या दिवशीची भाषा समतेची, स्वाभिमानाची, मानवी हक्कांची असते. २२ तारखेला सभागृहांत अभियंते, अधिकारी, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते जमतात. त्यांची भाषा पुनर्भरणाची, पाणलोटाची, घनमीटरची असते. पहिल्या सभेत भूजलाची पातळी क्वचित निघते, दुसऱ्या सभेत जातीचे नाव क्वचित निघते. अनेक वर्षे मी दोन्हीकडे श्रोता म्हणून बसलो आहे आणि दोन्हीकडून अर्ध्या गोष्टीनिशी घरी परतलो आहे. शताब्दीच्या निमित्ताने या दोन सभा एका छपराखाली याव्यात, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

तळ्यावर जाण्याचा हक्क कागदावर आधीच मिळालेला होता, हे आपण विसरतो. सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला होता: सरकारी पैशातून बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. तीन वर्षे तो ठराव दप्तरात होता आणि तळ्यावर काहीही बदलले नव्हते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब मिरवणुकीने तळ्यावर गेले, त्यांनी ओंजळीने पाणी घेतले, आणि दप्तरातला ठराव त्या दिवशी प्रथम तळ्याच्या पायऱ्या उतरला. मग परतणाऱ्या माणसांवर लाठ्या-काठ्यांनी हल्ले झाले. नंतर शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या एकशे आठ घागरी तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. याच तळ्यावर मुसलमान पाणी भरत, गुरेढोरे पाणी पीत. त्या कशानेही तळे बाटत नव्हते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरी परिषद भरली. हे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आजवर ते न पिताही आपण जगलोच. आपण तळ्यावर चाललो आहोत ते इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे ठरवायला, अशा आशयाचे बाबासाहेब तेथे बोलले. या बोलण्याचा एक अर्थ असा लावला जातो की प्रश्न पाण्याचा नव्हताच, माणुसकीचा होता. मला तो अर्थ अपुरा वाटतो. माणुसकीचा प्रश्न पाण्यापाशीच का उभा राहिला? देवळापाशी, शाळेपाशी तो होता. पण पाण्यापाशी तो रोज, दिवसातून दोनदा, बायकांच्या कमरेवरच्या रिकाम्या घागरींतून उभा राहत होता. गावाची रचना माणसाच्या अंगाला जिथे रोज भिडते ती जागा पाणवठा होती. तिथे समाज आणि निसर्ग हे दोन विषय उरत नाहीत.

पुढे तळ्यावरून दहा वर्षे खटला चालला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी भरू नये ही परंपरागत रूढी आहे, असे सवर्ण वादींचे म्हणणे होते. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. रूढीला कायद्याचे बळ हवे असेल तर ती अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध व्हावे लागते. ते सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि बाबासाहेबांचा विजय झाला.

याच १९३७ साली, महाडपासून हजारो मैलांवर, माक्स होर्कहायमर या जर्मन विचारवंताचा एक निबंध प्रसिद्ध झाला. पारंपरिक सिद्धान्त आणि चिकित्सक सिद्धान्त यांच्यातला भेद त्यात मांडलेला आहे. फ्रांकफुर्ट येथे १९२३ मध्ये स्थापन झालेली सामाजिक संशोधन संस्था तो चालवत होता. नाझी सत्तेवर आल्यावर संस्थेला देश सोडावा लागला आणि तिला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आसरा दिला. तेच कोलंबिया, जिथे १९१३ ते १९१६ या काळात भीमराव आंबेडकर शिकले. यात कोणी कोणाकडून काही घेतल्याचे मी सुचवत नाही. महाडच्या माणसांना होर्कहायमर ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि होर्कहायमरला महाड. पण न्यायालयाने जो प्रश्न रूढीला विचारला, जवळपास तोच प्रश्न तो निबंध साऱ्या समाजशास्त्राला विचारत होता, हे पाहून मी थबकलो.

प्रश्न असा. जे आहे ते केव्हापासून आहे, कोणी केले, कोणाच्या सोयीचे आहे? पारंपरिक सिद्धान्त जगाला समोर ठेवलेली वस्तू मानतो: मोजा, वर्गवारी करा, भाकीत करा. अभ्यासक जणू त्या जगाच्या बाहेर उभा असतो. चिकित्सक सिद्धान्त म्हणतो की तुम्ही ज्याला वस्तुस्थिती म्हणता ती माणसांच्या श्रमांतून, सत्तेतून, इतिहासातून घडलेली आहे; मोजणारा माणूसही त्याच समाजात कुठल्या तरी पायरीवर उभा आहे; आणि ज्ञानाचा हेतू माणसाला दडपणुकीतून मोकळे करणे हा आहे. ‘अनादी’ म्हणून जे समोर येते त्याला जन्मतारीख असते, आणि ती शोधून दाखवणे हे या विचाराचे पहिले काम. महाडच्या खटल्यात ते काम एका दिवाणी दाव्याच्या रूपाने झाले.

होर्कहायमर आणि त्याचा सहकारी आडोर्नो यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणखी एक सूत्र मांडले, आणि पर्यावरणाच्या चर्चेला ते आज फार जवळचे आहे. आधुनिक बुद्धीने निसर्गावर ताबा मिळवला. पण ज्या रीतीने मिळवला त्याच रीतीने माणसांवरही मिळवला. ‘कसे करायचे’ हे विचारण्यात ती बुद्धी तरबेज झाली आणि ‘कशासाठी, कोणासाठी’ हे विचारणे तिने सोडून दिले. पुढे अमेरिकेत मरी बुकचिन याने उलट बाजूने तेच सांगितले: माणूस माणसावर वर्चस्व गाजवू लागला, त्यातूनच निसर्गावर वर्चस्व गाजवण्याची कल्पना निघाली. या युरोपीय-अमेरिकी मंडळींना जात दिसली नाही, आणि वसाहतीही पुरेशा दिसल्या नाहीत. त्यांच्या विचाराची ही उणीव मोठी आहे, आणि ती भरून काढण्याचे सामान आपल्या घरात आहे.

जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८८३ मध्ये त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. त्या पुस्तकात भटशाही आणि सरकारी खाती यांवर जितका प्रहार आहे, तितकाच बारकाईचा विचार माती, पाणी, कुरणे आणि जनावरे यांचा आहे. पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून ताली आणि बंधारे घाला, रिकाम्या बसणाऱ्या पलटणी आणि पोलीस त्या कामाला लावा, असे ते सांगतात. जंगल खात्याने गायराने गिळली म्हणून गरिबांची गुरे उपाशी मरतात, हेही सांगतात. मृद्‌संधारण आणि जातिव्यवस्थेची चिकित्सा एकाच पुस्तकात, एकाच दमात. त्यांना हे दोन विषय वाटलेच नाहीत. विषय वेगळे आपण केले: कृषी विद्यापीठाने एक उचलला, समाजशास्त्राच्या विभागाने दुसरा.

आता त्या शब्दाकडे वळतो जो सध्या प्रत्येक शासकीय पत्रकात आढळतो: शाश्वत. शाश्वत शेती, शाश्वत विकास, शाश्वत पाणीपुरवठा. मराठीत शाश्वत म्हणजे सदा राहणारे, काळाचा स्पर्श नसलेले. पिढ्यान्‌पिढ्या हा शब्द आपण आत्मा, ब्रह्म, धर्म यांच्यासाठी वापरला. म्हणून तो कानावर पडला की चिकित्सा थांबते. जे शाश्वत त्याच्याविषयी प्रश्न कसला विचारायचा? पण टिकणे हा आपोआप गुण ठरत नाही. आपल्या भूमीत सर्वांत जास्त टिकलेली व्यवस्था कोणती, असे प्रामाणिकपणे विचारले तर उत्तर जात हेच येईल. राज्ये बुडाली, दुष्काळ आले, नद्यांनी पात्रे बदलली. गावकूस आणि गावकुसाबाहेरची वस्ती यांच्यातले अंतर राहिले. ती व्यवस्था दर पिढीला स्वतःचे पुनरुत्पादन करत राहिली, बाहेरून फारसे काही न घेता. निव्वळ टिकाऊपणाच्या कसोटीवर तिला शंभर गुण मिळतील. म्हणून शाश्वततेविषयी बोलण्याआधी काय टिकवायचे आणि काय मोडायचे, हे ठरवावे लागते. हे काम मापनयंत्र करू शकत नाही.

१९८७ च्या ब्रुंटलांड आयोगाच्या अहवालाने शाश्वत विकासाची जी व्याख्या केली, तिचा पुढच्या पिढ्यांविषयीचा भाग सगळ्यांना पाठ आहे. त्याच व्याख्येला लागूनच अहवालाने असेही म्हटले होते की गरजा म्हणजे मुख्यतः जगातल्या गरिबांच्या मूलभूत गरजा, आणि त्यांना सर्वोच्च प्राधान्य हवे. हा भाग पाठ्यपुस्तकांतून गळाला. न जन्मलेल्या नातवंडांची काळजी राहिली, पलीकडच्या वस्तीतली आज जिवंत असलेली माणसे वगळली गेली.

महाराष्ट्रातले पाणी आज कोणाचे आहे? कायद्याचे उत्तर सोपे आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाचा. ज्याची जमीन त्याचे पाणी. म्हणजे ज्याला जमीन नाही त्याला पाणीही नाही. आणि जमीन कोणाकडे नाही, हे महाराष्ट्रात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. महाडच्या वादींनी तळ्यावर जो दावा केला होता तो न्यायालयात हरला. पण विहिरी आणि बोअर यांच्या रूपाने तो जमिनीखाली चालू राहिला. तो तळ्यावर दिसत होता, इथे दिसत नाही, एवढाच फरक. राज्याचा बहुतांश भाग काळ्या कातळाचा, बेसॉल्टचा. त्यात पाणी मावते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत, तेही थोडे. एकाने खोल बोअर मारली की शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी तिकडे ओढले जाते. ज्याच्याजवळ पैसा, त्याची बोअर दोनशेवरून सहाशे फुटांवर जाते. ज्याच्याजवळ नाही, त्याची विहीर जानेवारीतच खरवडायला लागते. २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली आहे. बोअरची गाडी रात्री गावात शिरते तेव्हा तो अधिनियम कोणालाही आठवत नाही.

शेततळ्याचे उदाहरण घ्या. कल्पना उत्तम: पावसाचे वाहून जाणारे पाणी शेतात अडवा, खंड पडला तर पिकाला द्या. सरकारने अनुदान दिले, हजारो शेततळी झाली. नगर, नाशिक, जालना या भागांत फिरताना काळ्या-निळ्या प्लास्टिकने मढवलेली ती तळी दिसतात. अनेक ठिकाणी त्यांत पावसाचे पाणी जात नाही. बोअरचे, विहिरीचे पाणी उपसून भरले जाते. म्हणजे सर्वांच्या पायाखालचे पाणी एकाच्या प्लास्टिकमध्ये येते, आणि उघड्यावर ठेवल्याने एप्रिल-मे महिन्यांत रोज सेंटिमीटरभर वाफ होऊन उडते. संशोधकांनी हे वारंवार नोंदवले आहे. कागदावर मात्र ती शाश्वत शेतीची रचना आहे आणि तिची संख्या प्रगतीच्या तक्त्यात भरली जाते. ‘कसे’ या प्रश्नाचे उत्तर बिनचूक, ‘कोणासाठी’ हा प्रश्न गैरहजर. होर्कहायमरच्या म्हणण्याला याहून नेमके उदाहरण मला देता येणार नाही.

उसाविषयी इतके लिहिले गेले आहे की विस्तार नको. लागवडीखालच्या जमिनीपैकी ४ टक्क्यांच्या आसपास क्षेत्र, आणि सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के वाटा, असे केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने नोंदवले आहे. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या गाडीचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्याच पट्ट्यातल्या उसाचे फोटो कोणी काढले नाहीत.

आणि ऊस तोडणारे? कोरडवाहू बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. बाईचे स्वतंत्र नाव हजेरीपटावर बहुधा नसतेच. ज्या भागात पाणी नाही तिथली माणसे, ज्या पिकाने पाणी ओढले त्याच्या फडात सहा महिने राबतात, पालात राहतात. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर दंड, पालावर न्हाणीघर नाही, प्यायला पुरेसे पाणी नाही. पाण्याच्या ताळेबंदात हा खर्च कुठे लिहायचा? एक किलो साखरेला किती लिटर पाणी लागते हे आपण मोजतो. एक किलो साखरेला किती देह लागतो हे मोजायला वेगळ्या शास्त्राची गरज आहे, आणि ते शास्त्र पहिल्याशी बोलत नसेल तर दोन्ही खोटी पडतात.

हे सारे बदलता येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. याच मातीत बदलून दाखवले गेले आहे. १९७२ च्या दुष्काळात पुण्यातले उद्योजक-अभियंता विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले. नायगावला त्यांनी देवस्थानची चाळीस एकर जमीन खंडाने घेतली, उतारावर ताली घातल्या, पाणी अडवले आणि ओसाड जमीन पिकवून दाखवली. इथवर ही तंत्राची गोष्ट आहे, आणि इथेच थांबली असती तर अशा अनेक गोष्टींपैकी एक ठरली असती. पण साळुंख्यांनी पुढे पाणी वाटायचे नियम मांडले आणि ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, माणसांच्या प्रमाणात मिळेल. दर माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे, मग जमीन पन्नास एकर का असेना. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तरी पाणी विकता येणार नाही. उसासारखी पाणी पिणारी पिके नाहीत. भूमिहीनांनाही वाटा. योजनेच्या खर्चातले २० टक्के लाभार्थ्यांनी आधी भरायचे. पाणी सोडायला पाटकरी गावाने नेमायचा.

या पाच-सहा नियमांकडे नीट पाहावे. १८८२ च्या कायद्याने जमीन आणि पाणी यांची बांधलेली गाठ इथे ग्रामस्थांनी सोडली, कोणताही कायदा न बदलता. आणि ती सोडताच पाणी पुरू लागले. ऊस नको हा निसर्गाच्या मर्यादेचा नियम, दर माणशी वाटा हा समतेचा. पण एकावाचून दुसरा उभा राहत नाही. अमर्याद पाणी घेता येणार नाही हे ठरल्याशिवाय सर्वांना वाटा मिळत नाही, आणि सर्वांना वाटा असल्याशिवाय मर्यादा पाळायला कोणी राजी होत नाही. शेजाऱ्याने बोअर मारली तर मी का थांबू? माझा वाटा पक्का असेल तरच मी थांबेन. समता ही शाश्वततेला वरून लावलेली नैतिक झालर आहे, असा समज आपल्या जलतज्ज्ञांत फार पसरलेला आहे. नायगावात तीच पाणी टिकवणारी यंत्रणा होती.

सांगली जिल्ह्यात येरळेच्या काठी ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीने हेच वेगळ्या वाटेने केले. दुष्काळात ठेकेदार नदीतली वाळू उपसून नेत होते. वाळू आमची, तिच्या पैशातून आमचे धरण आम्ही बांधू, असे तांदूळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी म्हटले. भारत पाटणकर आणि त्यांचे सहकारी त्यांच्यासोबत होते. शासनाशी भांडून बळीराजा धरण झाले, आणि त्याचे पाणी प्रत्येक कुटुंबाला सारखे, भूमिहीनांनाही, असे ठरले. पाटणकरांच्या जीवनसाथी गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून सत्यशोधक चळवळीवर संशोधन करायला आल्या आणि कासेगावच्या होऊन गेल्या. विद्यापीठातला चिकित्सक विचार बांधावर आला तर काय होते, ते त्यांच्या आयुष्याने दाखवले. ‘समन्यायी पाणीवाटप’ हा शब्द अशा चळवळींतून, पुढे नागनाथअण्णा नायकवडींच्या आटपाडीच्या पाणी परिषदांतून घडत गेला. आता तो न्यायालयातही बोलला जातो. जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडावे की नाही हा वाद दर तुटीच्या वर्षी पेटतो, तेव्हा दोन्ही पक्षांचे वकील त्याच शब्दाचा आधार घेतात. तो शब्द कोणत्या वाळूतून आला, हे त्यांना सांगायला हवे.

पाणी पंचायतीच्या सगळ्या योजना टिकल्या नाहीत. विजेची बिले, पंपांची दुरुस्ती, पाटकऱ्याचा पगार, नव्या पिढीची पांगापांग यांत अनेक बंद पडल्या. शासनाने त्यांचे कौतुक केले आणि त्यांचे तत्त्व स्वीकारले नाही. त्या बंद पडल्या म्हणून तत्त्व चुकीचे, असे म्हणणाऱ्यांनी शासनाच्या पाटबंधारे योजनांचाही हिशेब त्याच फूटपट्टीने करावा.

आता नळ घरोघरी येत आहेत. जल जीवन मिशनमध्ये दरडोई ५५ लिटरचा निकष आहे. मी या योजनेचे मनापासून स्वागत करतो. बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरणे ही लहान गोष्ट नव्हे. बाबा आढाव यांनी सत्तरच्या दशकात, दुष्काळातच, ‘एक गाव एक पाणवठा’ची हाक दिली तेव्हा महाडला पंचेचाळीस वर्षे झाली होती आणि गावोगाव पाणवठे वेगळेच होते. घरात नळ आला की तो सामायिक पाणवठाच उरत नाही, आणि मग अनेकांना वाटते की प्रश्न मिटला. पण कालव्यासारखे नळालाही हेड आणि टेल, म्हणजे आरंभाचे आणि शेवटचे टोक, असते. टाकी बहुधा गावठाणाच्या उंच अंगाला, मुख्य वाहिनी मुख्य आळीतून, आणि वस्ती टेलला. गेल्या उन्हाळ्यात एका गावात टेलच्या घरातली बाई मला म्हणाली, “दादा, तोटी नवी आहे, पाणी जुन्याच रस्त्यानं येतं.” तिला कोणताही सिद्धान्त ठाऊक नव्हता. दरडोई सरासरी काढणाऱ्या तक्त्यात त्या गावाची नोंद पूर्ण नळजोडणी झालेले अशीच होती, आणि ती खोटीही नव्हती.

महाडही आता १९२७ चे राहिलेले नाही. तळ्याकाठी बाबासाहेबांचा पुतळा आहे, पायऱ्या बांधलेल्या आहेत. गावाबाहेर रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे आणि सावित्रीच्या खाडीकाठचे मच्छीमार वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की मासळी गेली. २२ जुलै २०२१ ला याच तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत महाड शहर पुरात बुडाले. ज्या गावाने पाण्यावरच्या हक्काचा धडा देशाला दिला, त्या गावाच्या नदीत आज काय सोडले जाते, हा प्रश्न शताब्दीच्या व्यासपीठावरून विचारला जावा. शंभर वर्षांपूर्वी तळे एकशे आठ घागरींनी शुद्ध करणारे होते. आज नदी खरोखर शुद्ध करायची तर कारखान्याच्या दारात जावे लागेल, आणि तिथे रोजंदारीवर राबणारे हात कोणत्या वस्त्यांतून येतात हेही पाहावे लागेल. कारखाना बंद झाला तर पहिली चूल त्यांचीच विझेल. म्हणून नदीची बाजू घेणाऱ्यांनी त्या चुलींचा विचार आधी करावा, नाहीतर पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा छंद आहे हा आरोप खरा ठरेल.

या शताब्दी वर्षात महाराष्ट्रभर परिसंवाद होतील, विशेषांक निघतील. त्यांच्यासोबत एक लहान काम सुचवतो. अनेक गावे आता पाण्याचा ताळेबंद मांडतात; हिवरे बाजारने ती सवय महाराष्ट्राला लावली. पाऊस किती पडला, किती अडला, किती मुरला, कोणत्या पिकाला किती लागेल, माणसांना आणि जनावरांना किती. त्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: कोणाला किती. जमीन असलेल्या आणि नसलेल्या कुटुंबांपुढे वेगवेगळे आकडे लिहावेत, हेडच्या आळीचे वेगळे, टेलच्या वस्तीचे वेगळे, आणि बोअर कोणाची किती फूट हेही. मग २० मार्चच्या ग्रामसभेत तो तक्ता ग्रामसेवकाने मोठ्याने वाचावा. ज्यांच्या नावापुढे शून्य आहे ती माणसे त्या वेळी समोर बसलेली असतील.